परदेशी शिकायला निघालात? तब्येतीची शिदोरीही बांधा

गणपती जवळ आले की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. पहिली मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची. प्रवासाने अंग धरलेले, जागरणाने पित्त झालेले. दुसरी गर्दी गेल्या काही वर्षांत सुरू झाली आहे. हातात छापील फॉर्म घेतलेली बावीस-तेवीस वर्षांची मुले आणि मुली येतात. "डॉक्टर काका, जर्मनीला जायचंय, फिटनेस पाहिजे." कुणाला इंग्लंड, कुणाला कॅनडा, कुणाला ऑस्ट्रेलिया. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. म्हणजे घरात गणपती बसायच्या वेळी घरचा मुलगा विमानात बसतो.

असाच एक मुलगा काही वर्षांपूर्वी आला होता. मी त्याचा रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, उंची-वजन लिहिले आणि सही-शिक्का मारून दिला. पाच मिनिटांचे काम. पाठीवर थाप मारून "नाव काढ" म्हणालो. त्याला एकही उपयोगी गोष्ट सांगितली नाही. आजचा लेख त्या चुकीची भरपाई आहे असे समजा.

(या मुलाची हकीकत त्याच्या परवानगीने देत आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

आजारी कोण, आई की मुलगा?

त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याची आई माझ्याकडे आली. "डॉक्टरांनू, झोपच लागणा नाय. काळजात धडधडता." रक्तदाब थोडा वाढलेला होता, कार्डिओग्राम मात्र चांगला होता. मी गोळी लिहायला घेतली, तेवढ्यात ती म्हणाली, "झिलाचो फोन येता, पण पयल्यासारखो बोलणा नाय. बरो आसंय म्हणता आणि ठेवता."

मी गोळी लिहायचे थांबलो. मुलाचा नंबर घेतला आणि रात्री साडेनऊला फोन लावला. इंग्लंडच्या उत्तरेकडील ज्या गावात तो होता तेथे तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आवाजावरून तो नुकताच उठलेला वाटला. मी तब्येत विचारली नाही. तीनच प्रश्न विचारले. आज काय जेवलास? किती वाजता उठलास? समोर बसून कुणाशी शेवटचे कधी बोललास?

उत्तरे अशी आली. जेवण ब्रेड आणि पाकिटातल्या नूडल्स. उठणे दुपारी एक-दोनला, कारण आठवड्यातून तीन-चार रात्री एका गोदामात काम. समोर बसून बोलणे? त्याला आठवावे लागले. मग म्हणाला, "तीन आठवडे झाले असतील." कॉलेजला जाणे जवळजवळ सुटले होते. वजन सहा किलो उतरले होते. डॉक्टरकडे गेलास का, तर नाही. पैसे लागतील म्हणून.

खरे म्हणजे इंग्लंडचा विद्यार्थी व्हिसा काढतानाच आरोग्यसेवेचा आकार भरून घेतात. २०२४ पासून तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. त्या मुलाच्या वेळी आकार कमी होता, पण बापाने तो भरलेला होता. म्हणजे उपचाराचे पैसे आगाऊ दिलेले, आणि मुलगा पैशांच्या भीतीने खोलीत पडून!

फोन ठेवताना तो म्हणाला, "काका, बाबांक सांगू नकात. त्यांनी कलमां गहाण ठेवल्यानी हत."

वाचकहो, रोगाचे मूळ या वाक्यात आहे. थंडी, परके जेवण, एकटेपणा हे सारे बरे होणारे आहे. पण कर्जाच्या आणि अपेक्षांच्या ओझ्याखाली मूल आपला आजार लपवू लागते, तेव्हा साधे दुखणेही चिघळते.

घराची ओढ हा आजार आहे काय?

घर आठवणे हा आजार नव्हे. पण त्याचा शरीरावर परिणाम होतो हे वैद्यकाला तीनशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या अवस्थेला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर गेलेले लोक, पुढे विशेषतः परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई, जेवेनासे, झोपेनासे होत. त्यांना ताप येई, ते खंगत. आज हा शब्द गोड आठवणींसाठी वापरतात, पण जन्माला आला तो रोगाचे नाव म्हणून.

आपल्या जिल्ह्याला ही ओढ नवीन नाही. गिरणगावात गेलेल्या आपल्या आजे-पणज्यांनी ती सोसली. पण त्यांच्यापाशी एक औषध होते. गावाची खोली! दहा बाय बाराच्या खोलीत एकाच वाडीतले पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत. खानावळीत गावच्या चवीची आमटी मिळे. कुणी दोन दिवस जेवला नाही तर शेजारच्या वळकटीवरचा माणूस विचारी, "काय रे, बरा नाय काय?" जागा अपुरी, हवा कोंदट, क्षयरोगाला आमंत्रणच, त्या खोल्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण तेथे माणूस नजरेआड होत नसे.

परदेशातील वसतिगृहात मुलाला स्वतंत्र खोली मिळते, गरम पाणी मिळते, खिडकीला जाड काच असते. पण चार दिवस दार उघडले नाही तरी कुणी ठोठावत नाही. चाकरमान्याच्या आणि या मुलाच्या तब्येतीत फरक पडतो तो येथे.

आनंदीबाईंचा धडा

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांत आनंदीबाई जोशींचे नाव पहिल्या ओळीत येते. त्यांचे शिक्षण आपण शाळेत वाचतो, त्यांचा आजार मात्र विसरतो. ७ एप्रिल १८८३ रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिने समुद्रावर. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलीही होती. पण त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

क्षयाचे जंतू बर्लिनच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी, जगाला दाखवले होते. पण त्यांवर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. म्हणून आनंदीबाईंना कोणीही वाचवू शकले नसते असे म्हणणे बरोबरच आहे. पण प्रकृती आधीच नाजूक, त्यात कडाक्याची थंडी, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचा ताण, हे सर्व क्षयाला खतपाणी घालणारे होते.

त्यांच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट आजच्या मुलांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेत त्यांना न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई भेटल्या. पत्रांतून जुळलेले नाते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बंदरावर घ्यायला त्याच आल्या, प्रथम घरी ठेवून त्यांनीच घेतले, आणि पुढे आनंदीबाईंच्या अस्थीही त्यांच्याकडेच पाठवण्यात आल्या. परक्या मुलखात 'जेवलीस का' असे विचारणारे एक माणूस लागते, हे आनंदीबाईंच्या चरित्रातही दिसते.

आज क्षयरोग सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. पण जंतू गेलेले नाहीत. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात ते झोपून असतात. अशांपैकी शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि उपासमार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे दुसरे आजार असतील तर धोका वाढतो. सहा महिन्यांहून अधिक काळ इंग्लंडला जाणाऱ्या भारतीयांना क्षयाची तपासणी सक्तीची आहे ती यामुळे. पण निघताना छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे जन्माचा दाखला मिळाला असे नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरते वजन यांपैकी काहीही दिसले तर तेथील डॉक्टरला 'मी भारतातून आलो आहे' हे आपण होऊन सांगावे. इंग्लंडमध्ये क्षयाचा उपचार सर्वांना मोफत आहे. क्षय निघाला म्हणून शिक्षण संपले, ही भीती बाळगू नये.

निघण्यापूर्वी

तयारी तिकीट काढल्यावर नको, निदान दोन महिने आधी सुरू करावी.

१) लसींचा कागद. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड बहुतेक घरांत सापडत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचे दोन डोस अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे मागतात. ते महिन्याच्या अंतराने द्यावे लागतात, म्हणून उशीर चालत नाही. धनुर्वात-घटसर्प, काविळीची 'ब' प्रकारची लस, कांजिण्या आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी मेंदूज्वराची लस यांबद्दल विद्यापीठाचा फॉर्म घेऊनच डॉक्टरकडे जावे.

२) दात. ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. बऱ्याच देशांत विद्यार्थ्यांच्या विम्यात दातांचा खर्च पूर्ण बसत नाही. किडलेला दात येथेच भरून घ्यावा. अक्कलदाढ दुखत असेल तर तिचाही निकाल लावावा.

३) चष्मा. दोन जोड आणि नंबरचा कागद.

४) औषधे. दमा, फिट्स, थायरॉईड, मधुमेह असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांची औषधे, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही खोकल्याच्या व वेदनाशामक औषधांवर काही देशांत कडक बंदी आहे. शेजाऱ्याने "हे पण ने" म्हणून दिलेली पुडी नेऊ नये. अँटिबायोटिक तेथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

५) रक्त. हिमोग्लोबिन तपासावे, मुलींचे तर अवश्य. शाकाहारी असल्यास बी-१२ सुद्धा. पांढुरकी मुलगी थंडीत आणि दगदगीत लवकर थकते.

६) विमा. काय भरले आहे, त्यात काय मिळते, हे बापाने नव्हे, मुलाने वाचावे. जर्मनीत तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना बहुधा सरकारी आरोग्य विमा घेतल्याशिवाय नाव नोंदवता येत नाही. अमेरिकेत विम्याविना रुग्णवाहिका बोलावणेही खिशाला भारी पडते.

७) स्वयंपाक. होय, तोही आरोग्याचाच विषय आहे. भात, डाळीची आमटी, कुळथाची पिठी, अंड्याचा एक प्रकार आणि एक भाजी, हे पाच पदार्थ निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने दहा वेळा करावेत. मुलग्यांनी तर जास्तच. "आई करता" म्हणणाऱ्याचे हाल मी फोनवर ऐकले आहेत.

पहिले पंधरा दिवस

विमानप्रवास लांबचा असतो. दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे, दारू टाळावी.

उतरल्यावर शरीराचे घड्याळ मालवणातच असते. पहाटे तीनला जाग येते, दुपारी डोळे मिटतात. घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकते. म्हणजे युरोपात चार-पाच दिवस, अमेरिकेत आठवड्याहून अधिक. उपाय गोळीत नाही, उजेडात आहे. दिवसा बाहेर हिंडावे, तेथील वेळेला जेवावे, दुपारी अर्ध्या तासाहून जास्त झोपू नये.

पहिल्याच आठवड्यात एक काम करावे. इंग्लंडमध्ये असाल तर जवळच्या डॉक्टरच्या दवाखान्यात नाव नोंदवावे. इतरत्र विद्यापीठाचे आरोग्य केंद्र कोठे आहे ते पाहून यावे. आजारी पडल्यावर पत्ता शोधू नये. तातडीचा दूरध्वनी पाठ असावा: अमेरिका-कॅनडात ९११, इंग्लंडमध्ये ९९९, जर्मनीत ११२, ऑस्ट्रेलियात ०००.

पोट बिघडणे, मलावरोध, ओठ फुटणे, घोळणा फुटणे, मुलींची पाळी महिना-दोन महिने मागेपुढे होणे, हे सुरुवातीला होऊ शकते. आपण समुद्राच्या दमट हवेत वाढलेली माणसे. तेथे हिवाळ्यात खोल्या यंत्राने तापवतात, ती हवा कोरडी असते. भरपूर पाणी आणि अंगाला खोबरेल एवढ्याने बरेच काम भागते. तीन महिन्यांनंतरही पाळी आली नाही तर मात्र डॉक्टरला दाखवावे.

थंडी आणि अंधार

आपल्याकडे पौषात पहाटे जरा गारठा वाटला की आपण शेकोटी पेटवतो. तेथे दुपारी पारा शून्याखाली असतो. एक जाड कोट पुरत नाही. थरावर थर हवेत. अंगालगत घाम शोषून सुकणारे कापड, त्यावर लोकर, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. सुती बनियन घामाने ओले झाले की अंग गार पडते. टोपी, हातमोजे, पाणी न शिरणारे बूट हवेतच. यांची खरेदी तेथे जाऊन करावी. आनंदीबाईंनीही अमेरिकेत नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी धरली, कारण तिने पाय नीट झाकले जात. पेहराव बदलल्याने माणूस बाटत नाही.

दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर गरम वाटते, पण शरीराची उष्णता बाहेर पडते. बर्फात झिंगून बसलेला माणूस या कारणाने दगावू शकतो.

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून ऊब घेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस जातो. आणि एक खास मालवणी सूचना. बांगडे तळताना धुराचा अलार्म वाजतो म्हणून मुले त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. असे कधीही करू नये. खिडकी उघडावी, पंखा लावावा, किंवा कालवण करावे!

थंडीपेक्षाही अंधार वाईट. डिसेंबरात उत्तर युरोपात सकाळी आठ-साडेआठला उजाडते आणि चारला दिवे लागतात. उजेड कमी झाला की काही माणसांना उदास वाटते, झोप वाढते, गोड खावेसे वाटते. हा मनाचा दुबळेपणा नाही. ऋतूबरोबर येणारा हा ओळखीचा विकार आहे. रोज दुपारी अर्धा तास उघड्यावर चालणे हा त्यावरील पहिला उपाय. ऊन कमी म्हणजे ड जीवनसत्त्वही कमी. इंग्लंडचे सरकार आपल्याच नागरिकांना हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा असे सांगते. आपल्या सावळ्या कातडीला त्याची गरज अधिकच.

पोटातला मालवण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना अर्धपोटी राहून अभ्यास करीत आणि रात्री भूक लागली की पापडावर भागवीत, असे त्यांच्या चरित्रात आहे. ते वाचून ऊर भरून येतो. पण डॉक्टर म्हणून सांगतो, त्यांची जिद्द घ्या, त्यांची उपासमार घेऊ नका. त्यांना पर्याय नव्हता, तुम्हाला आहे.

आपले जुने अन्नच तेथे उपयोगी पडते. कुळथाचे पीठ हलके, टिकाऊ आणि प्रथिनांनी भरलेले. ताप आला की पेज आणि पिठी यांसारखे पथ्य नाही. आमसुले सामानात कोपऱ्यात मावतात. बांगडा तर तेथेही मिळतो. जात थोडी वेगळी, पण कुळी तीच. डब्यातला किंवा धुरावलेला बांगडा तेथे महाग नसतो आणि त्यात ड जीवनसत्त्व भरपूर असते. सामानात काय चालते ते मात्र आधी पाहावे. ऑस्ट्रेलियात बियाणे, सुकी मासळी, लोणचे सारे जाहीर करावे लागते, लपवल्यास दंड होतो.

दिवसातून एकदा तरी भांड्यात शिजवलेले, ताटात वाढलेले जेवण घ्यावे. शक्य तर कुणाबरोबर बसून. आठवड्यातून एकदा चार मुलांनी मिळून रांधावे. चाकरमान्यांच्या खानावळीचे गुण थोडेफार येथे मिळतात.

नोकरीबद्दल एवढेच. प्रत्येक देशात विद्यार्थ्याने किती तास काम करावे याला मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना बहुतेक पदवी विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तास. ती मर्यादा कायद्यासाठी जितकी पाळायची, तितकीच झोपेसाठी. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणारा मुलगा ना धड कमावतो, ना शिकतो.

साधी आठवण की नैराश्य?

घराची ओढ लाटेसारखी येते आणि जाते. सणाच्या दिवशी, तापात, परीक्षेपूर्वी ती जास्त येते. मित्र भेटले, पोट भरले की ओसरते. बहुतेकांना काही आठवड्यांत, कुणाला एका सत्राने सवय होते.

पण पुढील गोष्टी दोन आठवडे सतत, जवळजवळ रोज दिसल्या तर ते नैराश्य असू शकते: कशातच मन न लागणे, झोप उडणे किंवा फार वाढणे, भूक जाणे, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, वर्गाला न जाणे, आपण नालायक आहोत असे वाटणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे. नैराश्य हा मधुमेहासारखाच आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात, ते विद्यार्थ्यांकडून बहुधा पैसे घेत नाहीत आणि घरी कळवीत नाहीत. आजारामुळे परीक्षा पुढे घेण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी असते. मात्र ती वेळेत, डॉक्टरच्या कागदासह मागावी लागते.

मरणाची भाषा कुणी केली तर "नाटक करतोय" म्हणू नका. फोन चालू ठेवा, दुसऱ्या फोनवरून त्याच्या सोबत्याला खोलीत जायला सांगा आणि तेथील तातडीचा क्रमांक फिरवायला लावा.

आई-वडिलांना चार शब्द

१) "बरा आहेस ना?" या प्रश्नाला "बरा आहे" हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा: आज काय रांधलेस? किती वाजता झोपलास? कुणाबरोबर जेवलास? उत्तरांतून तब्येत आपोआप कळते.

२) फोनची वेळ ठरवून घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. दिवसभर घरच्या फोनवर राहिलेला मुलगा तेथे रुजत नाही.

३) एका सोबत्याचा, वसतिगृहाचा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही व्यवस्था आहे. तेथे मुलाची नोंद करता येते.

४) कर्जाची आठवण प्रत्येक फोनवर करून देऊ नका. त्याला ते माहीत आहे. तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त.

५) तुमचीच झोप उडाली असेल तर ती लपवू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते. नाहीतर आपला नेहमीचा डॉक्टर आहेच.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वी, घरातल्या देवासमोर नारळ ठेवता ना, त्याच वेळी एक वाक्य मोठ्याने बोला. "आजारी पडलास तर लपवू नको. परत आलास तरी घर तुझेच आहे." हे वाक्य ऐकून गेलेले मूल सहसा परत येत नाही, ते तेथे टिकते, कारण पाठीमागे दार उघडे आहे हे त्याला माहीत असते.

त्या मुलाचे काय झाले? दुसऱ्याच दिवशी त्याने तेथील डॉक्टरकडे नाव नोंदवले. उपचार झाले, विद्यापीठाच्या समुपदेशिकेने मदत केली, रात्रपाळी सुटली. एक परीक्षा उशिरा दिली. वडिलांना शेवटी त्याने स्वतःच सांगितले. वडील फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कलमां काय, परत सोडवूक येतली. तू जेवलंस काय?" आईची रक्तदाबाची गोळी मला कधी सुरूच करावी लागली नाही.

आता फिटनेसचा फॉर्म घेऊन कुणी आले की मी आई-वडिलांनाही आत बोलावतो. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. बाहेर बसलेल्या रुग्णांनी तेवढे सांभाळून घ्यावे, ही विनंती.

पुढील आठवड्यात: पावसाळ्यानंतरचा ताप आणि लेप्टोस्पायरोसिस.